खात्यात रोज एक पेनी येतेय. याला छळ म्हणायचं का? (रेडिंग, इंग्लंड)

कोयनाकाठ

नमस्कार. हे लिहायचं की नाही यात दोन आठवडे गेले. शेवटी घरच्यांशी बोलून काही होत नाही म्हणून इथे.

मी मूळची कराडची. तीन वर्षं रेडिंगला आहे, मास्टर्स इथेच केलं, आता स्लाउला नोकरी. ग्रॅज्युएट व्हिसाचे (शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळतो तो) सात महिने उरलेत. हे आधीच सांगते, कारण भीती त्याचीही आहे.

गेल्या गणपतीत ढोलपथकात नाव घातलं होतं. कुर्ते आणि फेटे पुण्याहून मागवायचे ठरले. हौस माझीच, म्हणून सगळ्यांचे अठरा-अठरा पौंड माझ्या खात्यात जमा करून घेतले. थोडक्यात, पथकातल्या बावीस जणांकडे माझा सॉर्ट कोड (इथला बँक-शाखेचा आकडा) आणि खाते नंबर आहे. त्या बावीस जणांत हा पेनी पाठवणाराही एक. सांगलीचा, वयाने माझ्याएवढाच, बोलायला गोड.

ऑक्टोबरात त्याने विचारलं, मी नाही म्हटलं. मग व्हॉट्सॲपवर लांबच लांब मेसेज. एकदा लिहून टाकलं की कृपया मला संपर्क करू नकोस, आणि ब्लॉक केलं. चार दिवसांनी बँकेच्या ॲपवर घंटी वाजली: त्याच्याकडून एक पेनी जमा. पैसे पाठवताना रेफरन्सची जी अठरा अक्षरांची जागा असते, तिथे लिहिलं होतं 'सॉरी टॉक प्लीज'. दुसऱ्या दिवशी परत एक पेनी. मग 'गुड मॉर्निंग'. मग एके दिवशी 'नाइस ब्लू कोट', आणि मी त्या दिवशी निळाच कोट घातलेला होता. आजवर ३१ पेन्स झालेत.

दिवाळीत दारात फराळाचा डबा. चिठ्ठी नाही, पण डबा सांगलीच्या दुकानाचा. डिसेंबरात तीन वेळा तो सेमेटरी जंक्शनच्या बसथांब्यावर दिसला. तो राहतो ब्रॅकनेलला, तिथे त्याचं काय काम? एकदा मी ज्या १७ नंबरच्या जांभळ्या बसमध्ये चढले तीत तोही चढला आणि मागे बसला. बोलला काहीच नाही. आता मी स्टेशनला मागच्या गल्ल्यांनी चालत जाते, बस सोडलीय.

गेल्या आठवड्यात त्याने कराडला माझ्या आईला फोन केला. नंबर कुठून मिळवला माहीत नाही. अर्धा तास बोलला. आई म्हणते, 'मुलगा चांगल्या घरचा वाटतो, एकदा शांतपणे बोलून टाक ना.'

माझे प्रश्न. त्याने धमकी दिलेली नाही, हात लावलेला नाही, शिवी दिलेली नाही. पैसे आणि चकल्या दिल्यात! पोलिसांना काय सांगू, हा मला फुकट पेनी देतो? आणि तक्रार केली तर माझ्या व्हिसावर परिणाम होतो का?

बिनधास्त_बंड्या

दुर्लक्ष करा, थकेल आपोआप. नाहीतर खातंच बदला. एवढं काय मनावर घेता.

सुधामावशी

बंड्या, ३१ वेळा जो थकला नाही तो ३२व्या वेळी थकणार का?

कोयनाकाठ, आधी उत्तर देते आणि मग पुराण लावते. हो, हा छळ आहे. नुसता छळ नाही, इथल्या कायद्यात याला स्टॉकिंग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. व्हिसाचं म्हणशील तर तुझा व्हिसा वैध आहे. गुन्हा तुझ्यावर घडतोय, तू करत नाहीयेस. तक्रार केल्याने तुझ्या व्हिसाचं काही जात नाही.

माझी ओळख: यॉर्कशायरमध्ये राहते, कोर्टात आणि पोलीस ठाण्यात मराठी-हिंदी दुभाषाचं काम करते. कामातलं एक अक्षर इथे सांगणार नाही, तसा नियम आहे. पण माझी स्वतःची गोष्ट सांगू शकते. २०१४ सालची, दुसऱ्या गावातली.

तेव्हा मी पोस्टाच्या काउंटरवर होते. ४६ वर्षांची, दोन मुलांची आई. एक गृहस्थ रोज यायचा आणि सेकंड क्लासचं एक तिकीट घ्यायचा. एकच. माझ्यासमोरची रांग लांब असली तरी शेजारच्या खिडकीवर जायचा नाही. दोन महिन्यांनी ती तिकिटं लावलेली पत्रं माझ्या घरी यायला लागली. मीच विकलेली तिकिटं! पत्रांत वाईट काही नाही. हवामान, माझी साडी (संक्रांतीला नेसून गेले होते), माझ्या मुलाची शाळा सुटण्याची वेळ. त्या शेवटच्या ओळीने माझे हातपाय गार पडले.

पोलीस आला तो पोरगेलासा. पत्रं चाळून म्हणाला, एकटा माणूस दिसतो, मनाने वाईट नाही. त्याने नोंद केली ती 'एक पत्र मिळाले' अशी. पुढच्या वेळी दुसरा आला, त्याने पुन्हा 'एक पत्र'. तिसऱ्या वेळी तेच. प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्या पानापासून सुरू.

मी काय केलं, आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, आईने दर वर्षी पाठवलेलं. त्याच्या चौकटीत लिहायला लागले. कधी आला, किती वाजता, काय म्हणाला, मला त्या रात्री झोप लागली का. एकादशी, दूधवाला, आणि हा. चार महिन्यांची ती पानं चौथ्या भेटीला आलेल्या बाईसमोर ठेवली. तिने आधी विचारलं, हे लाल आकडे कसले? मग पानं उलटत गेली आणि गप्प झाली. त्याच आठवड्यात त्याला उचललं.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्ससाठी १९९७ चा प्रोटेक्शन फ्रॉम हॅरॅसमेंट ॲक्ट आहे. त्यात धमकी लागत नाही, हात लावणं लागत नाही. लागतो तो 'कोर्स ऑफ कंडक्ट', म्हणजे एकाच माणसाने एकाच व्यक्तीच्या बाबतीत किमान दोनदा केलेली वागणूक. घाबरवणं आणि मनस्ताप देणं दोन्ही त्यात बसतं. आणि 'माझा तसा हेतू नव्हता' म्हणून सुटका नाही. एवढं सगळं माहीत असलेल्या साध्या समजदार माणसाला हे कळलं असतं का, एवढंच कोर्ट बघतं. तू 'संपर्क करू नकोस' लिहून दिलंस ते इथे सोन्याचं आहे. जपून ठेव. आणि आता पुन्हा उत्तर देऊ नकोस, रागाने सुद्धा नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरपासून त्याच कायद्यात कलम २ए आलं, स्टॉकिंगचं. त्यात उदाहरणंच दिली आहेत: पाठलाग करणं, कुठल्याही मार्गाने संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं, एखाद्या जागी घुटमळणं, पाळत ठेवणं. 'कुठल्याही मार्गाने' यात बँकेची पेनी येते. आणि गंमत बघ, मेसेज तो डिलीट करू शकला असता. बँकेचं स्टेटमेंट त्याच्या नावानिशी, तारीखवार, छापील. स्वतःविरुद्ध इतका चोख पुरावा क्वचित कोणी देतं.

कलम २ए ला कमाल सहा महिने कैद. पण वरचं एक कलम आहे, ४ए. हिंसेची भीती, किंवा इतका गंभीर मनस्ताप की रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम झाला. कमाल दहा वर्षं, २०१७ पर्यंत ती पाच होती. तू बस सोडलीस, मागच्या गल्ल्यांनी जातेस. हे तू जाता जाता एका ओळीत लिहिलंस, पण पोलिसांना सांगताना ते सगळ्यात आधी सांग.

१०१ वर फोन कर, पोलिसांचा तातडी नसतानाचा नंबर. 'मला कोणीतरी पैसे पाठवतंय' असं सुरू करू नकोस. म्हण, 'आय वॉन्ट टू रिपोर्ट स्टॉकिंग', आणि मग सगळी साखळी तारखांसकट, आईच्या फोनसकट. तो दारात दिसला तर ९९९. बोलता येत नसेल तर मोबाइलवर फोन लावून सूचना आली की ५५ दाब, म्हणजे फोन चुकून लागला असं समजून कापत नाहीत. त्याआधी नॅशनल स्टॉकिंग हेल्पलाइनशी बोल, ०८०८ ८०२ ०३००. सुझी लॅम्पलू ट्रस्ट चालवतं. सुझी ही लंडनच्या फुलममधली इस्टेट एजंट, १९८६ च्या जुलैत एका ग्राहकाला घर दाखवायला म्हणून गेली ती परत आलीच नाही. तिच्या आईने हा ट्रस्ट काढला.

आणि उशीर करू नकोस. २ए खाली खटला भरायचा तर शेवटच्या घटनेपासून सहा महिन्यांच्या आत.

कोयनाकाठ

मावशी, वाचून रडले, पण बरं वाटलं. एक गोष्ट मी वर लिहिली नाही. सप्टेंबरात त्याच्याबरोबर दोनदा विंडसरला गेले होते. नदीकाठी फिरलो, कॉफी घेतली. दुसऱ्यांदा परत येताना त्याने हात धरला आणि मी सोडवला नाही. नंतर मला वाटलं की नको. पावसात एकदा त्यानेच गाडीतून घरी सोडलं, पत्ता तिथूनच कळला असणार. हे पोलिसांना सांगितलं तर म्हणतील, तूच आशा लावलीस. आई तर नक्कीच म्हणेल. हे वगळून सांगितलं तर चालेल का?

टेम्सकाठचा_वाघ

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. परक्या देशात एकटा पोरगा, प्रेमात पडला, वेडेपणा केला. पोलीस केस झाली तर त्याचा व्हिसा, नोकरी, घरचं कर्ज, सगळं जाईल. आणि आता तर ताईच सांगताहेत की दोनदा फिरायला गेल्या होत्या. आपला माणूस आहे. मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठाने त्याला बाजूला घेऊन समजावलं तर काम होईल. चार भिंतींत मिटतं ते चव्हाट्यावर कशाला?

सुधामावशी

वाघोबा, तुमचं नंतर. आधी पोरीचं.

अजिबात वगळू नकोस. विंडसर, कॉफी, हात, सगळं पहिल्याच दिवशी स्वतःहून सांग. ब्रायटनजवळची शाना ग्राइस माहीत आहे का? १९ वर्षांची. मागे लागलेल्या मुलाबद्दल तिने पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या. त्याच्याशी आपले संबंध होते हे तिने सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर पोलिसांनी तिलाच वेळ वाया घालवल्याबद्दल ९० पौंड दंड केला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याने तिचा खून केला. त्यावरून या देशात पोलिसांवर भयंकर टीका झाली. चूक त्यांचीच होती, तिची नव्हती. पण तू त्यांना तेवढंही निमित्त ठेवू नकोस. दोनदा फिरायला गेलं म्हणजे तिसऱ्यांदाची परवानगी लिहून दिली असं या कायद्यात कुठेही नाही. मागाहून तिसऱ्याकडून कळलं तर तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर शंका घेतील, एवढ्यासाठी म्हणते.

कोणी तुला 'नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर घे' म्हणेल, म्हणजे त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम. ती १९९६ च्या फॅमिली लॉ ॲक्टखालची, नवरा-बायको, नातेवाईक, एकत्र राहिलेले, बराच काळ जवळचे संबंध असलेले यांच्यासाठी. विंडसरच्या दोन कॉफींवर ती मिळायची नाही. तुझ्यासाठी स्टॉकिंग प्रोटेक्शन ऑर्डर आहे. २०१९ चा कायदा, जानेवारी २०२० पासून लागू. तिचा अर्ज पोलिसांनी मॅजिस्ट्रेटकडे करायचा, तू नाही. वकील तुला लावावा लागत नाही, आणि त्याला गुन्ह्यात दोषी ठरवेपर्यंत थांबावंही लागत नाही. निदान दोन वर्षांची असते. मोडली तर तो वेगळा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. पोलिसांनी स्वतः विषय काढला नाही तर तू काढ.

आता वाघोबा. माझ्या वेळीही एका वडीलधाऱ्यांनी 'समजावलं'. त्या आठवड्यात दोन पत्रं जास्त आली, कारण त्याला कळलं की पत्रं पोचताहेत आणि घरात त्यांची चर्चा होते. अशा माणसाला मधला माणूस म्हणजे आणखी एक दार. आणि त्याच्या व्हिसाचं म्हणाल तर हद्दपारीची मोठी तलवार बारा महिने किंवा त्याहून जास्त कैदेवर लटकते आणि २ए ची कमाल शिक्षाच सहा महिने; ४ए लागलं तर गोष्ट वेगळी. पुढे व्हिसा वाढवताना काय होईल तो हिशोब त्याने पेनी पाठवण्याआधी करायचा होता. ती बस सोडून गल्ल्यांनी चालतेय आणि आपण त्याच्या कर्जाची काळजी करायची?

'आपला माणूस' हे मला फार ऐकवलं गेलंय. माझ्या बाबतीत तो गोरा होता म्हणून निदान मंडळ तरी माझ्या बाजूने होतं.

धुकं_एडिनबरा

एक भर. मावशींनी सांगितलं ते इंग्लंड-वेल्सचं. आमच्या स्कॉटलंडात स्टॉकिंगचा गुन्हा २०१० च्या क्रिमिनल जस्टिस अँड लायसन्सिंग कायद्यात, कलम ३९. म्हणजे इंग्लंडच्या दोन वर्षं आधी. उत्तर आयर्लंडने २०२२ मध्ये वेगळा कायदा केला. उद्या नोकरीसाठी ग्लासगोला आलात तर कलमांचे आकडे बदलतील, तेवढं लक्षात असू द्या.

आणि हे बायकांपुरतं नाही. भारतात दंड संहितेचं कलम ३५४डी (आता न्याय संहितेचं ७८) पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केला तरच लागू होतं. इथे तसं नाही. मी पुरुष आहे आणि माझ्या मागे एक बाई होती, दीड वर्षं. मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस लेका. पोलीस हसले नाहीत.

बिनधास्त_बंड्या

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. फराळाचा डबा नीट वाचला नव्हता.

कोयनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी हेल्पलाइनला फोन केला. त्या बाईंनी चार शब्द सांगितले, फिक्सेटेड, ऑब्सेसिव्ह, अनवॉन्टेड, रिपीटेड (एकाच गोष्टीवर खिळलेलं, पछाडलेलं, नको असलेलं, पुन्हा पुन्हा होणारं), आणि म्हणाल्या की तुझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट यांच्याशी ताडून बघ. यादी केली. माझ्याकडे कालनिर्णय नाही, मंडळाने वाटलेलं कॅलेंडर होतं, त्याच्याच मागच्या पानावर. त्यात ढोलपथकाचा फोटो आहे आणि फोटोत तो. शेवटी साधी वही घेतली.

१०१ वर चाळीस मिनिटं थांबले. मग ठाण्यात गेले तेव्हा एक अधिकारी बाई दोन तास बसल्या. विंडसरचं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, मान खाली घालून. त्यांनी तारीख विचारली, लिहिली आणि पुढचा प्रश्न विचारला. बास. बँकेचं स्टेटमेंट त्यांनी पेन्सिलने खुणा करत मोजलं. ३४ झाले होते तोवर. 'ब्लू कोट'पाशी थांबून विचारलं, त्या दिवशी तू कुठे कुठे होतीस? त्या वेळचं बसथांब्याजवळचं सीसीटीव्ही मागवणार म्हणाल्या.

त्याला बोलावून चौकशी झाली. सध्या जामिनावर आहे, अट अशी की मला, आईला कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही आणि वोकिंगहॅम रोडच्या भागात यायचं नाही. त्या दिवसापासून पेनी आलेली नाही. सकाळी ॲप उघडताना पोटात गोळा येतो तो मात्र अजून येतो.

आईचं निवेदनही घेतील, तिला मराठीतून सांगता येईल म्हणाले. आई आधी चिडली, आपल्या घराण्याचं नाव वगैरे. मग मी तिला रेफरन्स वाचून दाखवले, एकामागून एक, चौतीसच्या चौतीस. विसाव्याला म्हणाली, पुरे गं.

मावशी, एक विचारायचं राहिलं. जामिनाची अट आहे तर मग ती प्रोटेक्शन ऑर्डर अजून हवी का?

सुधामावशी

हवी. चौकशी चालू असताना घातलेली जामिनाची अट मोडली तर त्याला अटक करू शकतात, पण अट मोडणं हा त्याचा वेगळा गुन्हा होत नाही. ऑर्डर मोडणं हा गुन्हा होतो. शिवाय जामिनाची मुदत संपते. खटला उभा राहायला वेळ लागणार असेल तर तोवरची अंतरिम ऑर्डरही मागता येते. त्या अधिकारी बाईंना उद्याच विचार, आणि विचारलंस ते वहीत लिही. खटला कोर्टापर्यंत गेला तर साक्षीच्या वेळी पडदा किंवा व्हिडिओ लिंक माग. मी पडद्यामागून बोलले होते, त्याचे बूट तेवढे दिसत होते खालून.

आणि ते ३४ पेन्स खात्यात तसेच राहू देत. पुढच्या गणपतीला कुर्त्यांचे पैसे बंड्याच्या खात्यात.

बिनधास्त_बंड्या

द्या. मी स्विंडनला असतो, पण द्या.